घरात म्हातारं माणूस

हल्ली माझ्या जीपमध्ये बाप-लेक शेजारी बसले, की त्यातला बाप कोणता हे ओळखायला मला आरशात दोनदा पाहावं लागतं. दोघांच्या अंगात टी-शर्ट, दोघांचे केस काळेभोर, दोघांच्या हातात मोबाइल. औंढ्याहून जवळा बाजार येईपर्यंत दोघं एकाच गाण्यावर माना डोलावतात आणि उतरताना भाडं कोण देणार यावरून दोस्तांसारखे भांडतात. पाहून बरं वाटतं. खोटं कशाला बोलू, थोडा रागही येतो. आमच्या तांड्यात एकाने हे कितीतरी आधी करून पाहिलं होतं, आणि त्याचं पुढे काय झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमचे बाप असे नव्हते. माझा बाप चाळिशीतच म्हातारा झाला. तसा नियमच होता म्हणा ना. पोराचं लग्न लागलं, की माणसाने पँट टाकून धोतर नेसायचं, पागोटं बांधायचं, पोरांच्या खेळातून उठून म्हाताऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचं. आणि स्वतःच्या घरात शिरताना उंबऱ्याबाहेर थांबून खाकरायचं. आत सून असते, तिला डोक्यावरून पदर ओढायला वेळ मिळावा म्हणून. माझ्या बापाला खोकला कधी नव्हता, पण माझं लग्न झाल्यापासून मरेपर्यंत तो रोज खाकरत राहिला.

धर्मसिंगने हे सगळं मोडलं. धरम माझा लहानपणापासूनचा दोस्त. शेळ्या एकत्र राखल्या, दहावीला एकत्र नापास झालो. मी जीपवर गेलो, तो बापाच्या शेतात. मिशी नीट फुटायच्या आत त्याचं लग्न झालं आणि अठराव्या वर्षी तो बाप झाला. पोराचं नाव विकास. विकास दहा वर्षांचा असताना त्याची आई मिराबाई काविळीने गेली. तांड्याने धरमला दुसरी बायको करायचा लकडा लावला, पण हा बहाद्दर म्हणाला, "पोरगं हाय की सोबतीला. दोघं मिळून भाकरी थापू." आणि खरोखर थापल्या. पहिलं वर्षभर त्या भाकरी कुत्रंही तोंडात धरत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

बापाची चप्पल पोराच्या पायात आली की पोरगा दोस्त होतो म्हणतात. या दोघांचं चप्पल येण्याआधीच जमलं होतं. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला दोघं तांड्याच्या कबड्डीच्या संघात एकत्र खेळायचे. चढाईला धरम, पकडीला विकास. औंढ्याला शिवरात्रीच्या यात्रेत सामने व्हायचे, तिथे माइकवरचा माणूस "राठोड बंधू, राठोड बंधू" म्हणून ओरडायचा, आणि हे दोघं एकमेकांच्या पाठीवर थाप मारून हसायचे. बंधू नाहीत हे एकदाही त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला वाटतं धरमच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख तेच होतं.

सन दोन हजारमध्ये विकासचं लग्न झालं. सून सेनगावकडच्या तांड्यावरची, रीता, बारावी पास. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी धरम सवयीप्रमाणे सरळ घरात घुसला. रीताची त्रेधा उडाली. पदर ओढायच्या गडबडीत पिठाची परात कलंडली.

धरम म्हणाला, "पोरी, तो पदर घे वर. तुहं तोंड दिसलं तर मला काय पाप लागून राहिलं का? अन् मी काही खाकरणार न्हाई. मला खोकलाच न्हाई तर काहून खाकरू?"

तेव्हापासून त्या घरात घुंगट नव्हता. तिघं एकत्र जेवायचे. रेडिओवर क्रिकेट लागलं, की तिघांचा आरडाओरडा रस्त्यापर्यंत यायचा. पुढे रीताला मुलगी झाली, पुजा. आणि त्याच वर्षी रीताचा हिंगोलीला डी.एड.ला नंबर लागला. "शिक," सासरा म्हणाला, "लेकरू मी पाहतो." तो लेकराला घेऊन कबड्डीच्या मैदानावर यायचा, चढाईची पाळी आली की माझ्या मांडीवर ठेवायचा आणि जाऊन दोघांना बाद करून परत घ्यायचा. चाळिशीचा आजा! मी चिडवायचो, "धरम्या, आजा झालास, आता तरी धोतर नेस." तो म्हणायचा, "तू नेस. तुह्या पोटाला पँट पुरतच न्हाई."

तांड्यातल्या काहींना हे पाहून गोड वाटायचं. काहींच्या पोटात दुखायचं. दुखणाऱ्यांनी तोंड उघडलं नव्हतं, कारण विकास होता.

दोन हजार दोनच्या थंडीत, हरभऱ्याला पाणी देताना विकासला साप चावला. माझ्याच जीपमध्ये त्याला औंढ्याला नेलं. धरम मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि सारखा म्हणत होता, "दम धर, दम सोडू नको, लाइनीपशी आलो आपण." कबड्डीत म्हणतात तसं. दवाखान्याच्या फाटकात गाडी वळवली तेव्हा मागून आवाज यायचा बंद झाला. मी मागे वळून पाहिलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

दुःख करायला माणसाला निदान वर्ष तरी द्यावं. तांड्याने महिनाही नीट दिला नाही. शंकरसिंग म्हणून धरमचा चुलतभाऊ आहे, उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माणूस. त्याचा मुलगा प्रेमसिंग लग्नाचा होता. भाऊ मेला तर त्याच्या बायकोला धाकट्या भावाने घर द्यायचं, ही आमच्यातली जुनी रीत. सख्खा नसेल तर चुलत. रीत वाईट होती असं मी म्हणत नाही, तिने कित्येकींचे संसार सावरले. पण रीताला प्रेमसिंग नको होता. तिला डी.एड. पुरं करायचं होतं आणि पुजाला घेऊन त्याच घरात राहायचं होतं.

तांड्याचे नाईक रतनसिंग यांच्या अंगणात पंच बसले. या बैठकीला आमच्यात नसाब म्हणतात. शंकरसिंगनेच सुरुवात केली.

"घरात माणसं दोन. एक तरणी पोर, एक तरणा सासरा. ना घुंगट, ना खाकरणं. पोरगा व्हता तवर आमी गप होतो. आता लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे कोण?" मी उठून म्हणालो. "तूच की!"

"हरिचंद, खाली बस," नाईक म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. "धरम, तुह्यावर माहा इस्वास हाय. पण तुह्याकडं पाहून कोण म्हणंल का तू सासरा हायस? यात्रेत तुमाला भाऊ-भाऊ समजत व्हते, मी ऐकलंय. बाहेरचा माणूस उद्या या दोघांना नवरा-बायको समजला, तर त्या पोरीनं तोंड कुठं लपवावं? घरात एखादं म्हातारं माणूस असतं तर बात वेगळी व्हती. न्हाई, तर तिनं प्रेमसिंगचं घर धरावं, न्हाईतर माहेरी जावं. लेकरू आपल्या कुळाचं हाय, ते हितंच राहील."

बायकांत मागे रीता बसली होती. तिने पुजाला इतकं घट्ट आवळलं, की ते पोर रडायला लागलं.

धरम त्या रडण्याकडे पाहत होता. मग म्हणाला, "म्हातारं माणूसच पायजे ना, नाईक?"

"व्हय."

"मंग होळीपर्यंत टाइम द्या. देतो."

सगळ्यांना वाटलं, हा कुठून तरी एखादी आत्या, मावशी आणून बसवणार. मलाही तेच वाटलं. सेनगावकडे नानीबाई म्हणून त्याची दूरची आत्या होती. मी म्हणालोही, गाडी काढतो, घेऊन येऊ. तो म्हणाला, "तिला तिच्या लेकापासून काहून तोडू? मी हाय ना."

दुसऱ्या दिवशी तो मेलेल्या बापाचं धोतर नेसून बाहेर आला. डोक्यावर पागोटं. दाढी करायची त्याने सोडून दिली. डोक्याचे केस काळे असले तरी दाढीत पांढरं बरंच निघालं, पोराच्या मरणाने आलं असेल. हातात काठी घेतली. आणि घरात शिरायच्या आधी उंबऱ्याबाहेर थांबून तो खाकरला. पहिल्यांदा जमलं नाही, नाटकातल्यासारखं वाटलं. आतून काही हालचाल झाली नाही. तो पुन्हा खाकरला. मग बांगड्यांचा आवाज आला आणि रीताचा पदर खाली आला. मी ओसरीत उभा होतो, मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पोरं हसली. मैदानावरची पोरं, ज्यांना त्याने चढाई शिकवली तीच. शंकरसिंग तर चावडीवर सगळ्यांना सांगत सुटला, "बहुरूपी झालाय! तोंड उघडू द्या त्याला, दात पाहा, पंचविशीच्या गड्याचे! होळीपुरतं सोंग हाय हे, अन् सोंगानं काय इज्जत राहती का?"

ते धरमच्या कानावर गेलं. दात त्याचे खरंच सुरेख होते. कडुनिंबाच्या काडीने घासलेले, एकसारखे, हसला की सगळा हसायचा.

होळीच्या आधीच्या बाजारच्या दिवशी तो जवळा बाजारला माझ्या जीपमध्ये आला. उतरला, म्हणाला, थांब, येतो. मी कापसाच्या अड्ड्याजवळ गाडी लावून प्रवाशांना हाका मारत होतो. बऱ्याच वेळाने आला. तोंडावर दस्ती दाबलेली, दस्ती लाल, सदऱ्यावर लाल. मला वाटलं कुणी मारलं. मी स्टार्टरचा दांडा घेऊन खाली उतरलो.

त्याने दस्ती काढली. बाजारात रस्त्याच्या कडेला फडकं टाकून एक दात काढणारा बसतो, त्याच्याकडून याने पुढचे दात उपटून घेतले होते. वरचे चार, खालचे चार. चांगले, धडधाकट दात.

मी त्याच्या तोंडात मारायचाच बाकी होतो. "अरे गधड्या! भाड्या! हे काय करून बसलास?" असं मी भर बाजारात ओरडलो आणि ओरडता ओरडता मला रडू आलं. तो बोलू शकत नव्हता. दस्तीआडून काहीतरी पुटपुटला. मी दोनदा विचारलं तेव्हा कळलं. "आता दिसतो का बराबर?" असं तो विचारत होता.

दिसत होता. गाल आत गेले होते, ओठ दुमडले होते. चाळीस वर्षांच्या माणसाच्या अंगावर सत्तरीचं तोंड दिसत होतं.

नसाब पुन्हा बसला. धरम काठी टेकत गेला आणि मधोमध उभा राहिला. त्याने तोंड उघडून दाखवलं. शंकरसिंगने खाली पाहिलं. रतनसिंग नाईक उठले, त्यांनी धरमच्या खांद्यावर हात ठेवला आणि पंचांना न विचारताच म्हणाले, "पोरगी हितंच राहील. लेकरू तिच्यापशी राहील. त्या घरात म्हातारं माणूस हाय." शिवी देणारा मी, पण त्या दिवशी कुणाला शिवी द्यावी तेच मला कळेना. नाईकांना द्यावी तर त्यांचे डोळे भरले होते.

रीताचं कॉलेज चालू राहिलं. रोज सकाळी माझ्याच गाडीने औंढ्यापर्यंत, पुढे एसटीने हिंगोलीला. कुणी एक शब्द बोललं नाही. ती वाचली, हे खरं. पण ज्या घरात तिघं एका ताटाभोवती हसायचे, त्या घरात आता दोन माणसं पुजाच्या तोंडाने बोलायला लागली. पोरीला अजून बोलता येत नव्हतं तेव्हापासून. रीता चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "पुजा, आजाला सांग, भाकर झाली." आणि धरम ओसरीतून म्हणायचा, "पुजा, तुह्या आईला सांग, दुधात कुस्करून दे." त्याला भाकरी चावता येत नव्हती. एकाच माणसासाठी दोघं झुरत होते, आणि त्याचं नाव एकमेकांसमोर काढायची सोय त्यांना उरली नव्हती. या गोष्टीचा मला त्या दातांपेक्षाही जास्त त्रास व्हायचा.

सोंग सुरुवातीला वरवरचं असतं. मग ते अंगात भिनतं. मऊ खाऊन खाऊन धरम वाळला, डोक्याचे केसही पिकले. काठी दाखवायला घेतली होती, ती टेकायला लागली. कबड्डीच्या मैदानाकडे तो फिरकला नाही. जीपमध्ये माझ्याच वयाची माणसं उठून त्याला जागा द्यायची, "बसा बाबा, बसा." तो बसायचा. मी आरशात पाहायचो आणि उगाच हॉर्न वाजवायचो.

रीता पास झाली. दोन हजार सहाला तिला जवळा बाजारजवळच्या शाळेत नोकरी लागली. तांड्यात पेढे वाटले, शंकरसिंगनेही खाल्ला, वर म्हणाला, "आमच्या घरची सून हाय." पेढा घशात कसा उतरला कोण जाणे.

पगार सुरू झाल्यावर एके दिवशी रीता शाळेतून परतताना पुढच्या सीटवर बसली. प्रवासी उतरून गेले होते. ती म्हणाली, "काका, एक काम करा. बापूंना हिंगोलीला नेऊन दात बसवून आणा. दाढी काढायला लावा. पँट-शर्ट घ्या. माह्या पायी त्यांनी सगळं सोडलं, काका. आता मी मास्तरीण हाय, मला कोण काय म्हणंल? मी पण तो पदर टाकून देते. आमाला पहिल्यासारखं राहायचं."

"त्याला तू सांग."

"सांगितलं. पुजाला सांगून सांगितलं. ते नुसते हसतात."

मी धरमच्या मागेच लागलो. तो नको नको म्हणत होता, पण मला त्याची नस माहीत होती. शेवटी एका सकाळी तो गुपचूप गाडीत येऊन बसला. शाळेत पहिल्यांदा निघालेल्या पोरासारखा तो दिसत होता. माप द्यायला एकदा गेलो, पुन्हा पंधरवड्याने दात घ्यायला गेलो. डॉक्टरने नवे दात बसवून दिले. पागोटं काढून सलूनमध्ये दाढी उतरवली, केसांना काळा रंग लावला. मी हट्टाने त्याला पँट आणि चौकड्याचा शर्ट घेतला. सलूनच्या आरशासमोर तो इतका वेळ उभा राहिला, की मागचं गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं. मग तो माझ्याकडे वळून हसला, पूर्वीसारखा, सगळ्या तोंडाने. मला इतका आनंद झाला, की मी परत येताना गाडीत एकही प्रवासी घेतला नाही. रस्ताभर आम्ही शिव्या देत आणि गाणी म्हणत आलो.

तांड्यावर पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. काठी गाडीतच राहिली होती. धरम तरातरा चालत घराकडे गेला आणि न खाकरता सरळ आत शिरला. मी मागोमाग होतो.

रीता चुलीपाशी होती. डोक्यावर पदर नव्हता, ठरल्याप्रमाणे तिने तो टाकला होता. पावलांचा आवाज ऐकून ती हसत वळली.

तिचं हसू तिथेच थिजलं. मला आधी कळलंच नाही. मग मी तिच्या बाजूला सरकलो आणि ती पाहत होती तिथून धरमकडे पाहिलं. दारातल्या उजेडात, काळ्या केसांचा, गुळगुळीत गालांचा, चौकड्याचा शर्ट घातलेला विकास उभा होता.

रीताने दोन्ही हातांनी पदर ओढला, पार छातीपर्यंत, आणि ती भिंतीकडे तोंड करून खाली बसली. तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी एकदाच ऐकला होता, औंढ्याहून विकासचं प्रेत आणलं त्या दिवशी. पुजा घाबरून तिच्या मागे लपली आणि त्या अनोळखी माणसाकडे टकामका पाहायला लागली.

धरम घाबरला. "काय झालं? पोरी, काय झालं?" तो सरळ तिच्याशीच बोलला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडावरून त्याला उमगलं. त्याने स्वतःच्या गालाला हात लावून पाहिला.

"बापू," रीता पदराआडून म्हणाली. तीन-चार वर्षांत ती पहिल्यांदा त्याच्याशी मधे कुणाला न घालता बोलत होती. "बापू, तुमच्या पाया पडते. ते दात काढा."

त्याने तोंड फिरवलं, दात काढले आणि दस्तीत बांधले. कोनाड्यातून दुसरं पागोटं घेऊन काळ्या केसांवर गुंडाळलं. मग तो भिंतीला टेकून बसला, हळूहळू, गुडघ्यावर हात देत. पुजाने थोडा वेळ पाहिलं, ओळखलं आणि जाऊन त्याच्या मांडीवर बसली.

मी बाहेर येऊन गाडीत बसलो. धरम माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान आहे.